कचरा-रिसायकलिंग कंपनीकडून उत्सवासाठी नेमकं काय मागावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ. दहा दिवसांत एक मोठा महाप्रसाद, शेवटी विसर्जन मिरवणूक, आणि थंडीत गावाची धावण्याची स्पर्धा. गावाबाहेर सुका कचरा निवडून, त्याचे गठ्ठे बांधून पुढे कारखान्यांना पाठवणारी एक छोटी कंपनी आहे. तिचे मालक स्वतःहून म्हणाले, "गावासाठी काही करायचं आहे, तुम्हीच सांगा काय करू." मंडळात दोन मतं पडली. काहींना देणगी घेऊन कमानीवर कंपनीचं नाव टाकायचं आहे. काहींचं म्हणणं, पैसे राहू देत, त्यांच्याकडून डबे आणि टेम्पो घेऊ.

पुणे परिसरात अनेक वर्षं मी उत्सव, लग्नं, पालख्यांचे मुक्काम आणि स्पर्धा यांच्या कचऱ्याचं नियोजन करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, दुसरं मत बरोबर आहे, पण ते फार उशिरा सुरू होतं. डबे आणि टेम्पो ही शेवटची गोष्ट. अशा कंपनीकडे गावात दुसऱ्या कोणाकडेही नसलेली एक वस्तू असते, ती म्हणजे कुठला माल पुढे खपतो आणि कुठला कायमचा पडून राहतो याची माहिती. ती माहिती तुम्हाला उत्सवाच्या तीन आठवडे आधी हवी. देणगी सराफही देतो, पतसंस्थाही देते. हे ज्ञान फक्त हीच कंपनी देऊ शकते.

देणगीबद्दल एक खुलासा आधीच करते, कारण मंडळांमध्ये 'सीएसआर'चा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजकामावर खर्च करण्याच्या जबाबदारीचा, विषय हमखास निघतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे सीएसआरची सक्ती लागू होते ती निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना. तालुक्याच्या गावातली वर्गीकरण करणारी कंपनी त्याच्या आसपासही नसते. आणि मोठ्या कंपनीलासुद्धा स्वतःच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, नियमांनी ते वगळलेलं आहे. म्हणजे मालक मदत करतात ती मनापासून, कुठल्या सक्तीने नाही. म्हणूनच ती मदत कमानीच्या फ्लेक्सवर खर्च होऊ नये असं मला फार वाटतं. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. आपल्याकडे त्याचं रिसायकलिंग जवळजवळ होत नाही, आणि त्यातल्या क्लोरीनमुळे सिमेंटच्या भट्ट्यांनाही तो नकोसा असतो. कचऱ्याचं काम करणाऱ्या कंपनीचं नाव अशा वस्तूवर छापणं त्या कंपनीलाही शोभणार नाही. नाव जरूर टाका. डब्यांवर टाका, काम करणाऱ्यांच्या जॅकेटवर टाका, सुती कापडावर रंगवा. त्यावर साल घालू नका, म्हणजे तेच कापड पुढच्या वर्षीही चालेल.

आता पहिली बैठक. तिला मंडळाचे अध्यक्ष नसले तरी चालेल, पण आचारी, मंडपवाला आणि कंपनीतला प्रत्यक्ष माल निवडणारा माणूस हे तिघं हवेतच. उत्सवाचा कचरा ठरतो तो खरेदीच्या यादीत. हजार माणसांचा महाप्रसाद धरा. प्रत्येकाला एक पत्रावळ, दोन द्रोण आणि पाण्याचा एक पेला म्हटलं तरी चार हजार वस्तू झाल्या, आणि त्या सगळ्या वीस मिनिटं वापरून टाकायच्या. या चार हजार वस्तू कशाच्या असाव्यात, एवढ्या एकाच निर्णयावर बाकी सगळं उभं आहे.

पळसाच्या पानांची, काडीने टाचलेली पत्रावळ ओल्या कचऱ्यात अन्नासकट जाते आणि खत होते. पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, पानाच्या खोळीची ताटं आणि उसाच्या चिपाडाची ताटंही जातात, फक्त ती कुजायला वेळ घेतात, म्हणून आधी तुकडे करावे लागतात. खरी अडचण आहे ती चकचकीत कागदी ताटल्यांची आणि पेल्यांची. वरून कागद, आतून प्लास्टिकचा पातळ थर. खतात घातलं तर थर उरतो, रद्दीत घातलं तर ओला-तेलकट कागद कोणी घेत नाही. थर्मोकोलची आणि प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्राने त्याच महिन्यात प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी ताटल्या-पेल्यांनाही बंदीत घेतलं. तरी बाजारात सगळं मिळतं, आणि आचारी स्वस्त पडतं म्हणून तेच आणतो. बैठकीत कंपनीच्या माणसाने हे नमुने टेबलावर मांडून दाखवावेत, हा जातो, हा जात नाही. कागदावरच्या सूचनेने जे होत नाही ते अशा दहा मिनिटांत होतं.

'कंपोस्टेबल' असा छाप असलेल्या पिशव्या आणि पेल्यांबद्दल सावध राहा. त्यांच्यासाठी भारतीय मानक आहे, प्रमाणित मालही मिळतो. पण त्यातले बरेचसे प्रकार कुजायला साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा खतप्रकल्प लागतो. गावच्या खड्ड्यात ते महिनोन् महिने तसेच पडून राहतात. शिवाय दिसायला हुबेहूब प्लास्टिक असल्याने ते सुक्या कचऱ्यात शिरतात आणि चांगल्या पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या, गठ्ठ्याचा दर पाडतात.

सगळ्यात चांगला उपाय मात्र स्टीलची ताटं. केरळमध्ये २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी 'हरित संहिता' लागू करून डिस्पोजेबल भांडी टाळली गेली, धुण्याजोगी भांडी वापरली गेली, आणि मग तीच पद्धत तिथल्या लग्नांमध्ये, मंदिर-उत्सवांमध्ये रुजली. आपल्याकडे पाणी हा आक्षेप लगेच येतो आणि तो खोटा नाही. तीन टबांची पद्धत वापरली तर पाणी आटोक्यात राहतं. पहिल्या टबात खरकटं काढून विसळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, आणि फक्त पहिल्या टबाचं पाणी वरचेवर बदलायचं. मालकांना खरोखर देणगीच द्यायची असेल तर मी त्यांना हेच सुचवीन: पाचशे ताटं, वाट्या, पेले आणि तीन मोठे टब गावाला द्या. ते एखाद्या बचतगटाच्या ताब्यात असू दे, गटाने नाममात्र भाड्याने द्यावेत आणि धुण्याची मजुरी वेगळी घ्यावी. गणपतीत वापरले जातील, मग नवरात्रात, मग लग्नसराईत, बारशात, तेराव्यात. गावात वर्षभर जेवणावळी होतात. एका फ्लेक्सच्या कमानीपेक्षा ही देणगी कितीतरी वर्षं काम करील, आणि कंपनीकडे येणारा निकामी कचराही कमी होईल.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. हजार जणांना अर्ध्या लिटरची बाटली दिली तर हजार बाटल्या. तेच पाचशे लिटर पाणी वीस लिटरच्या पंचवीस जारमध्ये मावतं. जार आणि स्टीलचे पेले ठेवा. बाटली विकत आणणारे आणतीलच, त्या गोळा करू.

नियमाचा भागही या बैठकीतच उरकून घ्या. शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा, ही जबाबदारी घनकचरा नियम २०१६ ने आयोजकावर टाकली. बहुतेक मंडळं ध्वनिक्षेपकाची परवानगी काढतात आणि हे विसरतात. नगरपरिषदेला पत्र द्या, त्यात कुठला कचरा कंपनी नेणार आणि कुठला घंटागाडी नेणार हे लिहा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि ढीग कुत्र्या-गायींच्या तोंडी लागतो.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल आता जरा विस्ताराने सांगते, कारण डबे सगळेच ठेवतात आणि तरीही संध्याकाळी सगळं एकत्र झालेलं असतं.

डबा एकटा कधी ठेवू नका. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा, दोन्ही चिकटून. एकटा डबा दिसला की माणूस त्यात हातातलं सगळं टाकतो, मग वर काहीही लिहिलेलं असो. जोडीच्या बाजूला एक बादली ठेवा, उरलेली आमटी, ताक, पाणी ओतायला. या बादलीचं महत्त्व कोणी लक्षात घेत नाही. सुका माल नासतो तो आमटीने. एक वाटी आमटी पुठ्ठ्यांवर सांडली की ते पुठ्ठे गेले, आणि अर्धी भरलेली बाटली गठ्ठ्यात गेली की दाबताना सगळा गठ्ठा भिजतो. डब्यांवर अक्षरांपेक्षा वस्तू चिकटवा, खरी पत्रावळ, खरी बाटली, खरं वेफर्सचं पाकीट. आजीलाही कळतं आणि पाच वर्षांच्या पोरालाही.

पंगत असेल तर काम निम्मं होतं. वाढप्यांपैकी दोघांनी शेवटच्या भातानंतर टब घेऊन फिरायचं आणि पत्रावळी दुमडून घ्यायच्या. लोकांनी हातात पत्रावळ घेऊन उठायचंच नाही. बुफे असेल तर डब्यांची जोडी हात धुण्याच्या जागेच्या अलीकडे हवी, पलीकडे नको. प्रत्येक जोडीपाशी एक कार्यकर्ता, दोन तासांच्या पाळीने. त्याचं काम सांगणं आणि दाखवणं, एवढंच. कचरा उचलून या डब्यातून त्या डब्यात टाकायचं काम त्याच्या गळ्यात घालू नका, म्हणजे कॉलेजातली मुलंमुली आनंदाने येतात. पहिल्या अर्ध्या तासात नीट सांगितलं तर नंतरची माणसं पुढच्याचं बघून करतात.

पॅड आणि डायपर यांचा विचार मंडळाच्या बैठकीत कोणी काढत नाही, विशेषतः बैठकीत बायका नसल्या की. महिलांच्या स्वच्छतागृहात झाकणाचा वेगळा डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे ठेवा. पुण्यात कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालली ती याच कारणाने. निवडणाऱ्या बाईला पुडी न उघडता आत काय आहे ते कळावं.

धावण्याच्या स्पर्धेत कचऱ्याची जागा वेगळी असते. पाण्याच्या टेबलापाशी कोणी पेला टाकत नाही. धावत धावत पितात आणि पुढे जाऊन फेकतात. म्हणून मोठ्या तोंडाचे डबे टेबलाच्या पुढे रस्त्याच्या कडेने ओळीत हवेत. शेवटच्या रेषेपाशी केळ्यांच्या सालींसाठी वेगळं पिंप ठेवा. साली, पाणी आणि बाटल्या एका पोत्यात गेल्या तर तिन्ही वाया.

विसर्जनाचं निर्माल्य हा आपल्या मातीतला विषय, आणि इथे कंपनी खूप मोठं काम करू शकते. पुण्याच्या घाटांवर विसर्जनाच्या दिवसांत 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिला स्वयंसेवकांना सोबत घेऊन उभ्या राहतात आणि भाविकांच्या हातून निर्माल्य घेतात. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हातून घेणं. लोकांना देवाची फुलं डब्यात टाकवत नाहीत, आणि ती भावना खरी आहे, तिचा मान ठेवलाच पाहिजे. समोर माणूस असेल, स्वच्छ कलश किंवा टोपली असेल, तर कोणीही आनंदाने देतो. नदीत टाकलेली फुलं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि भाद्रपदात साचलेल्या डोहात मासे मरतात, हे तिथे उभ्या असलेल्या माणसाने एका वाक्यात सांगावं.

निर्माल्य घेतल्यावर तिथेच निवडायचं. हारांचे दोरे, जर, कापडी माळा, वस्त्रं, प्लास्टिकची सजावट, तसबिरी, अगरबत्तीची पाकिटं, सगळं बाजूला. नारळ आणि फळं वेगळी. उरली ती फुलं, दूर्वा, पत्री. ती त्याच रात्री पोत्यातून मोकळी झाली पाहिजेत. बंद पोत्यात झेंडू एका रात्रीत तापतो, चिकट होतो आणि सकाळी वास सुटतो. सुका पालापाचोळा, थोडं शेण किंवा जुनं खत यांच्या थरांत घाला, आठवड्याने परता. ओल बघायची ती मुठीने. मूठ आवळल्यावर हात ओलसर व्हावा, थेंब पडू नये. साधारण दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. ते दिवाळीनंतर त्याच भाविकांना छोट्या पुड्यांतून वाटा. पुढच्या वर्षी लोक न सांगता निर्माल्य आणून देतात.

मिरवणुकीत चमकीचे तुकडे उडवणारी तोफ आणू नका, एवढीच विनंती. ते तुकडे झाडूत येत नाहीत, निवडता येत नाहीत, पहिल्या पावसाबरोबर गटारात जातात.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी आहे ते सांगते. हे सगळं काम करणार कोण? कंपनीच्या शेडमध्ये माल निवडणाऱ्या बायका, आणि गावात पाठीवर पोतं घेऊन फिरणाऱ्या बायका. उत्सव संपल्यावर रात्री किंवा पहाटे त्या मैदानावर येतातच, बाटल्या आणि पुठ्ठा वेचायला. त्या दिवसाची त्यांची कमाई तीच असते. कंपनी मदत म्हणून टेम्पो लावून सगळ्या बाटल्या घेऊन गेली, तर गावाला वाटतं सत्कार्य झालं, आणि या बायकांच्या घरी मात्र त्या दिवशी पैसे येत नाहीत.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच प्रश्नावर, की कचरा वेचणारी व्यक्ती ही कामगार आहे आणि त्या मालावर तिचा हक्क आहे. डॉ. बाबा आढाव त्या लढ्यात सोबत होते. संघटनेने महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली, पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा घेऊ लागली. त्या रचनेत विकाऊ सुका माल सदस्याचाच असतो. २०१६ च्या नियमांनीही कचरावेचकांना ओळख दिली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं.

गावच्या कार्यक्रमात याचा अर्थ असा. गावातल्या वेचक बायकांना आधी भेटा, त्यांची नावं विचारा, त्यांना पाळीवर घ्या. मजुरी ठरवा, ती रोख आणि त्याच दिवशी द्या, रात्रीच्या कामाला जास्त द्या. विकाऊ मालाचे पैसे त्यांच्यात वाटायचे हे कंपनीकडून लिहून घ्या. जाड रबरी हातमोजे, पायात बूट, साबण, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह, आणि जेवण पंगतीत, बाकीच्यांसारखं. उरलेलं डब्यात भरून देऊन भागवू नका. काम रात्री संपलं तर टेम्पोने घरापर्यंत सोडा. कंपनीचा खर्च व्हायचा असेल तर इथे व्हावा. ज्या मंडळांनी हे केलं तिथे मी बघितलं आहे, आरतीला त्या बायका पुढे उभ्या असतात, आणि पुढच्या वर्षी कचरा कसा लावायचा हे त्याच कार्यकर्त्यांना शिकवतात.

कार्यक्रमानंतर कंपनीकडून एक कागद मागा. ओला किती किलो, पेट, पुठ्ठा, इतर प्लास्टिक, काच, धातू किती, नाकारलेला किती, आणि यातलं प्रत्येक कुठे गेलं. वजन काट्यावर, अंदाजाने नको. पावसात भिजलेला पुठ्ठा दीडपट वजन दाखवतो, तेही कागदावर लिहिलेलं असावं. चिप्स-बिस्किटांची पाकिटं अनेक थरांची असतात, त्यांना भंगारात भाव नाही. ती पुढे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. ते जाळणं आहे, रिसायकलिंग नव्हे, आणि कागदावर तसंच लिहिलेलं असलं पाहिजे. 'शंभर टक्के रिसायकल' असा दाखला कोणी देत असेल तर घेऊ नका. नाकारलेल्या मालाचा आकडा प्रामाणिकपणे देणारी कंपनी तुमच्या कामाची, कारण पुढच्या वर्षीची खरेदीची यादी त्या आकड्यावरूनच सुधारते. हा कागद मंडळाच्या जमाखर्चाशेजारी फळ्यावर लावा.

मालकांचा उत्साह टिकला तर दिवाळीआधीच्या साफसफाईत जुने कपडे, चपला, भांडी, गाद्या गोळा करायचा एक दिवस ठरवा. मोबाइल, चार्जर, संगणक यांचं तेवढं वेगळं आहे. ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आहेत आणि तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. कंपनीकडे त्याची कागदपत्रं किंवा तशा रिसायकलरशी करार नसेल, तर नुसती पेटी ठेवून गोळा करू नका. तारा जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती तो माल गेला तर धूर कोणाच्या तरी पोराच्या छातीत जातो.

मालकांना पत्र लिहाल तेव्हा त्यात चारच गोष्टी मागा: तीन आठवडे आधीच्या बैठकीला निवडीचं काम जाणणारा माणूस, कार्यक्रमाच्या दिवशी डब्यांच्या जोड्या आणि वजनकाटा, वेचक बायकांची मजुरी आणि मालाच्या पैशांचा लेखी शब्द, आणि आठ दिवसांत वजनाचा कागद. ताटांची देणगी देता येईल का, हे शेवटी विचारा. पत्र श्रावण लागायच्या आत द्या. श्रावणात आचाऱ्यांच्या ऑर्डरी भरतात आणि पत्रावळींची खरेदीही उरकू लागते.